लाल ठिपक्यापर्यंत

फोन वाजला तेव्हा नळकाका शाळेच्या स्वयंपाकघरात सिंकखाली उताणे पडले होते. दोन्ही हातांत जोड होता. सोडला असता तर सगळं पाणी तोंडावर आलं असतं. फोन शर्टाच्या खिशात, छातीवर थरथरत राहिला. थांबला. पुन्हा थरथरला. त्यांनी नट पूर्ण आवळला, जोडाभोवती बोट फिरवून कोरडा आहे ना ते पाहिलं आणि मग हात पुसले. चाळीस वर्षांची सवय होती. जोड अर्धवट सोडून उठायचं नाही.

पाच मिस्ड कॉल होते, पाचही बायकोच्या नंबरवरून. त्यांनी उलट फोन लावला तर आवाज दुसऱ्याच बाईचा.

"काका, मी ब्रेकबाई बोलतेय."

ब्रेकबाई म्हणजे बायकोची विद्यार्थिनी. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि गाडी शिकायला यायची. समोर कुत्रं दिसलं, पान उडालं, ढगाची सावली आली, की ब्रेक मारायची. म्हणून बायकोनं हे नाव ठेवलं होतं, आणि आता ती स्वतःही तेच सांगत होती.

"बाईंना दवाखान्यात आणलंय. तुम्ही या."

"काय झालं?"

पलीकडे ती नुसती श्वास घेत राहिली. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

बायको छातीच्या दुखण्यानं गेली होती, शिकवता शिकवता, स्वतःच्या गाडीत. सव्वीस वर्षं ती बायकांना गाडी चालवायला शिकवत होती. सगळी आळी तिला मास्तरीण म्हणायची. गाडी त्यांच्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. बाजूच्या सीटपुढे, पायाशी, मास्तरणीसाठी वेगळा ब्रेक बसवलेला होता. त्या दिवशी शिकाऊ ब्रेकबाईनंच गाडी दवाखान्यापर्यंत नेली. संध्याकाळी सगळे तिकडे असताना तिनं ती परत आणून गॅरेजमध्ये लावली आणि किल्ली पत्रपेटीत टाकून गेली. हे नळकाकांना नंतर कळलं. तेव्हा ते कोणालाच काही विचारत नव्हते.

पहिले दहा दिवस घरात माणसं होती, दारं-खिडक्या उघड्या होत्या. मग माणसं गेली, दारं मिटली आणि वास कळला.

नळकाकांनी गॅस पाहिला. गॅस बंद होता. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायला एक दार होतं. ते त्यांनी उघडलं आणि वास नाकात शिरला. पेट्रोल.

नेमकी त्याच वेळी लेक आली, मुलीला कडेवर घेऊन. तिनं दारातूनच नाक वर केलं आणि मुलीला घेऊन पुन्हा अंगणात गेली.

"बाबा, केव्हापासून येतोय हा वास?"

"आजच कळला."

"आजच? अख्खं घर घमघमतंय. दिवा लावला असतात तर?"

"नाही ना लावला."

"आई गेली. आता घरही जाळायचंय का?" बोलून झाल्यावर तिनं मुलीच्या केसांवरून उगाच हात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "भंगारवाल्याला सांगते मी. रविवारी दहा वाजता येईल. तुम्ही चालवत नाही, मी चालवत नाही. कोणासाठी ठेवायची ती?"

नळकाकांना गाडी येत नव्हती हे खरं होतं. सव्वीस वर्षांत बायकोनं अर्ध्या गावाला शिकवलं, पण नवऱ्याला नाही. तो तिचा दोष नव्हता. ती म्हणायची, "रविवारी बसा." ते म्हणायचे, "या रविवारी एक टाकी धुवायची आहे."

"रविवारपर्यंत बघतो मी," ते म्हणाले.

"तुम्ही नळवाले आहात, बाबा."

"गळती ती गळतीच."

जाताना लेकीनं गॅरेजचं शटर पूर्ण वर करून ठेवलं, वारा राहावा म्हणून.

ती गुरुवारची सकाळ होती.

त्यांनी आधी बॅटरीची तार काढली. मग खिशातल्या काड्यापेटीसकट सगळं बाहेर ओट्यावर ठेवलं, गाडीच्या चाकांना विटा लावल्या आणि जुनी वर्तमानपत्रं गाडीखाली पुढून मागे अंथरली. त्यांचं शास्त्र साधं होतं. गळती शोधायची तर आधी सगळं कोरडं करायचं, मग गप्प बसायचं. गळती स्वतःच येऊन सांगते. घाई करणाऱ्याला ती चकवते.

दुपारी मागच्या चाकाजवळचा कागद ओला झाला होता. पण त्यांना पाहिजे तसा नाही. पाण्याचा थेंब कागदावर गोल बसतो आणि वाट पाहतो. पेट्रोलचा थेंब पसरला आणि बघता बघता उडून गेला. मागे फक्त पिवळट कड उरली.

"थांबायला तयार नाही," ते स्वतःशी म्हणाले.

वर खडूची भुकटी मारली तर ओल कुठून येते ते दिसलं असतं. खडू गॅरेजमध्येच होते, भिंतीच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात. ती भिंत मास्तरणीचा फळा होती. प्रत्येक नवी बाई आधी इथं उभी राहायची. मास्तरीण खडूनं चौक काढायची आणि विचारायची, "आता तू इथं आहेस, ट्रक तिथं आहे, कोण थांबणार?" भिंतीच्या डाव्या अंगाला एक तक्ता होता. वरती पाच शब्द: सरळ, वळण, मागे, चढ, लावणं. खाली नावं आणि नावांपुढे चौकोन. जमलं की चौकोनात बरोबरची खूण. शिकून गेलेलीचं नाव पुसलं जायचं आणि नवीन यायचं. आता वर एकच नाव होतं, ब्रेकबाई. तिचे चार चौकोन भरले होते, 'चढ' राहिला होता. आणि सगळ्यात खाली, कधीच न पुसलेलं, कडा धूसर झालेलं: 'आमचे हे'. त्यापुढचे पाच चौकोन ही आळीतली जुनी थट्टा होती.

नळकाकांनी डब्यातले फक्त तुकडे घेतले. अख्खे खडू राहू दिले.

भुकटी लावून ते गाडीखाली सरकले. टाकी गाडीच्या मागच्या भागात, पोटाखाली होती. टाकीच्या तळाशी जिथे नळी बसते त्या जोडावर भुकटी भिजून काळी पडली. त्यांना बरं वाटलं. जोड म्हणजे घरचंच माणूस.

शुक्रवारी त्यांनी हातपंपानं टाकीतलं पेट्रोल बाहेर काढलं. तीन मोठे डबे भरले. टाकी जवळजवळ काठोकाठ होती हे त्या वेळी त्यांच्या हातांना कळलं, डोक्याला नाही. डबे झाकणं लावून अंगणात सावलीत ठेवले. जोड सोडला, पुसला, त्यावर पिशवीतली पांढरी टेप चार वेढे गुंडाळली आणि पुन्हा आवळला. चाळीस वर्षांत या टेपनं त्यांना कधी खाली पाहायला लावलं नव्हतं. मग एकच डबा परत ओतला. आधी थोड्यावर बघायचं, मग पूर्ण सोडायचं, हाही नियमच.

शनिवारी सकाळी कागद कोरडे होते. गॅरेजमध्ये पहिल्यांदाच नुसता जुन्या रबराचा आणि धुळीचा वास होता.

त्यांनी ब्रेकबाईला फोन केला.

ती आली, पण शटरच्या बाहेरच उभी राहिली. लाँड्रीचा निळा कोट अंगावर तसाच होता. चाळिशीची, ठेंगणी बाई. हातात पिशवी, पिशवीत मास्तरणीनं दिलेली उशी. त्या उशीवर बसल्याशिवाय तिला काचेतून पुढचं दिसायचं नाही.

"बुधवारी परीक्षा आहे ना तुझी?" नळकाकांनी विचारलं.

"होती."

"होती म्हणजे? रद्द झाली?"

"मीच जाणार नव्हते. दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकदा बसून आले. त्या नव्या गाडीत माझा पाय लटपटतो. तो शिकवणारा पोरगा म्हणाला, मावशी, तुम्ही सायकल का नाही घेत."

"मग ही घे."

"काका, हिला काय झालंय?"

"काही नाही. गळत होती. थांबवली."

ब्रेकबाईनं गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. नळकाकांना ते दिसलं, पण त्यांनी बॅटरीची तार जोडायला घेतली.

ते बाजूच्या सीटवर बसले, मास्तरणीच्या जागेवर. सीट इतकी पुढे होती की गुडघे छातीला लागत होते. त्यांनी ती मागे सरकवली नाही. ब्रेकबाईनं उशी नीट केली, आरसा पाहिला, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि चालू झाली.

"काका, त्या ब्रेकवरून पाय काढा."

"सहज ठेवला होता."

"सहज नसतं ते. माझ्या बाजूला बसणाऱ्या सगळ्यांचा पाय तिथंच जातो."

त्यांनी पाय काढून सीटखाली घेतला.

दोघं गल्लीतून बाहेर पडले, शाळेवरून, टपाल कार्यालयावरून. ब्रेकबाईनं दोनदा ब्रेक मारला, एकदा कोंबडीसाठी आणि एकदा कशासाठीच नाही. दुसऱ्यांदा नळकाकांचं डोकं काचेपर्यंत जाऊन आलं.

"सॉरी."

"चालू दे. मान मोकळी होतेय."

ती हसली. मग पाण्याच्या टाकीकडचा चढ आला. अर्ध्या चढावर पुढची बैलगाडीइतकी हळू चाललेली बस थांबली आणि त्यांना थांबावं लागलं. मागे एक रिक्षा येऊन चिकटली. ब्रेकबाईच्या कपाळावर घाम आला. इथंच दर वेळी गाडी मागे घसरायची आणि मास्तरीण आपला ब्रेक दाबायची. नळकाकांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि पाय सीटला टेकवून धरले.

बस हलली. ब्रेकबाईनं क्लच हळू सोडला, हँडब्रेक खाली केला. गाडी क्षणभर विचार करत राहिली आणि मग वर निघाली. एक बोटभरसुद्धा मागे आली नाही.

वर पोचल्यावर नळकाकांनी हात मांडीखालून काढले.

"जमलं की," नळकाका म्हणाले.

ब्रेकबाईनं नुसती मान हलवली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

परत आल्यावर त्यांनी वाकून पाहिलं. कोरडं. उत्साहात त्यांनी अंगणातले उरलेले दोन्ही डबे उचलून आणले.

"सगळं ओतताय?" ब्रेकबाईनं विचारलं.

"मग? टाकी कशी भरलेली असावी. हिला किती वर्षं सांगत होतो. पण ही नेहमी अर्ध्यावर. पंपावर जायची ती चिमणीसारखी चोचभर घेऊन यायची. चिक्कू होती एक नंबरची."

त्यांनी नरसाळं लावून दोन्ही डबे रिकामे केले, टाकीच्या तोंडापर्यंत. झाकण लावलं, हात पुसले आणि कागद बदलला. ब्रेकबाईला बसायला पाट दिला. दोघं चहा पीत अंगणात बसले असताना वारा आतून बाहेर आला आणि त्याबरोबर तो वास.

नळकाकांनी कप खाली ठेवला.

नव्या कागदावर पिवळी कड उमटत होती. ते गाडीखाली सरकले. टेपवरून थेंब ओघळत होता. त्यांनी तो बोटावर घेतला आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. वरती कुठेतरी घड्याळ चालल्यासारखा तो थेंब पडत होता. उद्या दहा वाजता भंगारवाला येणार होता.

"काका."

"हं."

"तुम्ही बाहेर या आधी. मला सांगायचंय."

ते बाहेर आले नाहीत. गाडीखालून त्यांना फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

"माझ्यामुळं झालंय ते," चपला म्हणाल्या. "त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकात मोठा स्पीडब्रेकर आहे. मला दिसलाच नाही. जोरात आपटली गाडी. मागून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. मी कोणाला बोलले नाही. नंतर गाडी परत आणताना वाटलं, दुसऱ्याची वस्तू रिकामी कशी द्यायची, म्हणून टाकी फुल करून आणली. तेवढंच करता आलं मला."

"फुल केलीस?"

"हो. पंपावरचा माणूसही म्हणाला, आज काय विशेष. कारण बाई कधीच फुल नाही करायच्या. त्या ठिपक्यापर्यंतच."

"कुठल्या ठिपक्यापर्यंत?"

"काट्यावरच्या. लाल."

नळकाका बाहेर सरकले. पाठीला लागलेला खडू तसाच घेऊन ते पुढे गेले आणि खिडकीतून आत वाकले. पेट्रोलच्या काट्याच्या काचेवर, अर्ध्याच्या जरा पुढे, नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता. तो त्यांनी कितीतरी वेळा पाहिला होता. त्यांना वाटायचं, काचेवर रंग उडालाय.

"हे का?"

"त्या म्हणायच्या, हिला अर्धपोटी ठेवलेलं बरं. पोटभर दिलं की ओकते."

नळकाकांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ओकते," ते म्हणाले. "गळते नाही म्हणाली? ओकते म्हणाली?"

"ओकतेच म्हणायच्या. का?"

चाळीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते की थेंब जिथं पडतो तिथं गळती नसते. भिंत खाली ओली असेल तर आधी गच्चीवर जा. आणि इथं ते तीन दिवस खाली उताणे पडून राहिले होते.

त्यांनी डिकी उघडली, सतरंजी काढली, डाव्या बाजूचा पुठ्ठा उचकटला. पेट्रोल ओतायच्या तोंडापासून टाकीपर्यंत मनगटाएवढी जाड रबरी नळी आली होती. टाकी अर्धी असेल तेव्हा त्या नळीत काहीच नसतं. काठोकाठ भरली की पेट्रोल तिच्यात उभं राहतं. नळीच्या वळणावर, वरच्या अंगाला, रबर भेगाळलं होतं. तिथून ओल टाकीच्या पाठीवर उतरत होती, पाठीवरून पोटाखाली आणि तिथून त्यांच्या जोडावर.

भेगेभोवती पांढरी टेप गुंडाळलेली होती.

आता ती पांढरी नव्हती. पिवळी पडून, कडा सुटून लोंबत होती. नळकाकांनी तिचं टोक दोन बोटांत धरलं. वेढे उलटे होते. नळाच्या कामात अशी गुंडाळली तर नट फिरवताना सुटते. शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी हीच चूक करतो. आणि टेप जाड होती, निळ्या रिळातली. ती जाडी बाजारात यायची बंद होऊन चार वर्षं झाली होती. शेवटची दोन रिळं त्यांनी पुरवून पुरवून वापरली होती, आणि त्यातलं एक एके दिवशी पिशवीतून नाहीसं झालं म्हणून घरभर कटकट केली होती.

त्यांना तो दिवसही आठवला. ते जेवत होते. ती मागे उभी होती.

"अहो, तुमच्या त्या पट्टीनं पेट्रोल थांबतं का?"

"पाण्याचं वेगळं, पेट्रोलचं वेगळं. कुठं गळतंय?"

"गळत नाही तसं. भरली की जरा येतं."

"रविवारी बघतो."

इतकंच बोलणं झालं होतं. मग रविवार आला तो कोणाच्या तरी गच्चीवर गेला. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनं ठिपका लावला.

"काका, मोडलंय का काही?" ब्रेकबाईनं मागून विचारलं. ती अजून डिकीपासून चार हात लांब उभी होती.

"इकडे ये. बघ."

ती आली.

"ही टेप बघ. माझी आहे. चार वर्षांपूर्वीची. म्हणजे भेग त्याच्याही आधीची. तुझ्या स्पीडब्रेकरनं काही झालेलं नाही."

"पण आवाज आला होता."

"या डिकीत दोन पान्हे आणि एक जॅक सुटा पडलाय. आवाज येणारच."

ब्रेकबाईनं सुट्या जॅकला हात लावून पाहिला. तो खणकन वाजला. तिनं तो पुन्हा एकदा वाजवला. मग ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं, एकदा, मग परत एकदा.

नळकाका तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. डिकीतली सतरंजी त्यांनी झटकली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"त्या दिवशी," ते सतरंजीकडे बघत म्हणाले, "काही बोलली का ती?"

"म्हणाल्या, छातीत दुखतंय, गाडी बाजूला घे. हळू. आणि मी घेतली, काका. ब्रेक लागलेला कळलासुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, 'बघ. जमलं.'"

"मग?"

"मग काही नाही."

नळकाकांनी सतरंजीची घडी घातली आणि ती नीट ओट्यावर ठेवली.

"चल," ते म्हणाले. "दुकान बंद व्हायच्या आत नळी आणू."

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ते दोघं नळीवरून सोडलेली टेप आणि नळीचं माप घेऊन रिक्षानं गेले. दुकानदारानं टेप बघितली, नळकाकांकडे बघितलं.

"ही कोणी लावली? पेट्रोलच्या रबराला अशी टेप लावतात का?"

"घरातल्यांनी," नळकाका म्हणाले. "दोघांनीही."

दुकानदाराला काही कळलं नाही, पण त्यानं पेट्रोलला चालणारी नळी काढून दिली, मोजून, आणि नळी आवळायचे तीन नवे पट्टे. दुपारभर काम चाललं. आधी टाकी पुन्हा उपसली. जुनी नळी कापून काढावी लागली, इतकी ती तोंडाला चिकटली होती. नवीन बसवताना ब्रेकबाईनं आतून धरली आणि त्यांनी बाहेरून पट्टा आवळला. त्यांनी खालच्या जोडावरची आपली टेपही सोडून काढली आणि तिथंही पट्टा लावला. मग तिन्ही डबे ओतले, एकदम नाही, एकेक करून. प्रत्येक डब्यानंतर दोघं कागदाकडे बघत बसले.

रविवारी साडेनऊला लेक आली. मुलीला तिनं फाटकाजवळ उभं केलं, स्वतः गॅरेजच्या तोंडाशी येऊन थांबली आणि नाक वर केलं. दोन पावलं पुढे आली. पुन्हा नाक वर केलं.

"रिकामी केलीत का टाकी?"

"भरलेली आहे. गळ्यापर्यंत."

"आई तर कधीच..."

"हो. कधीच नाही."

त्यांनी तिला डिकीत वाकून नवीन नळी दाखवली. जुनी टेप त्यांनी पान्हे ठेवायच्या फडक्यावर वेगळी ठेवली होती. तीही दाखवली. कोणी कधी काय विचारलं आणि कोण काय म्हणालं तेही सांगितलं, एक शब्द कमी-जास्त न करता. लेकीनं टेपचा तुकडा हातात घेतला आणि उजेडात धरला.

"मला वाटायचं, ती काटकसर करते," ती म्हणाली. "मी पण चिडवायचे तिला."

"मी जास्त."

फाटकाशी मुलगी ओरडली, "आई, टेम्पो आला." भंगारवाला उतरून, गाडीकडे डोळे बारीक करून बघत आत येत होता. लेक बाहेर गेली. नळकाकांना तिचं बोलणं अर्धंच ऐकू आलं. "नाही हो, माझी चूक झाली. नाही, चालू आहे ती. बुधवारी परीक्षेला जायचीय." टेम्पो मागे वळला. जाताना भंगारवाल्यानं ओट्याशी पडलेला एक जुना नळ तरी द्या म्हणून विचारलं, आणि लेकीनं तो दिला.

दहा वाजता ब्रेकबाई आली, उशी घेऊन. तिनं आधी काटा बघितला. तो लाल ठिपक्याच्या पार पुढे गेला होता.

"आता पुसायचा का हा?"

"राहू दे," नळकाका म्हणाले. "तिची खूण आहे."

ब्रेकबाई गाडी मागे घेत बाहेर काढणार होती. लेक मुलीला घेऊन मागच्या सीटवर बसली, फक्त चढापर्यंत जाऊन येऊ म्हणाली. नळकाका मात्र आत गेले. फळीवरचा डबा उघडून त्यांनी एक अख्खा खडू काढला. तक्त्यासमोर उभे राहून आधी ब्रेकबाईच्या ओळीवर बोट ठेवलं, मग 'चढ'खालच्या चौकोनात बरोबरची खूण केली. खूण जरा वाकडी आली. मास्तरणीची सरळ यायची.

बाहेर हॉर्न वाजला.

"काका, येताय ना? का मी एकटीच ब्रेक मारत जाऊ?"

"आलो."

त्यांनी खडू परत डब्यात ठेवला नाही, शर्टाच्या खिशात टाकला. 'आमचे हे'पुढचे पाचही चौकोन अजून रिकामे होते.